जुन्या ड्रॉइंगवरचा शिक्का आणि नवा ‘सीयूआय’

प्रश्न : अमेरिकेत कनेटिकटमधल्या छोट्या मशीन शॉपमध्ये मी क्वालिटीचं काम बघते. संरक्षण खात्याच्या एका मोठ्या कंत्राटदाराला आम्ही सुटे भाग पुरवतो. शेकडो जुन्या ड्रॉइंगवर ‘फॉर ऑफिशियल यूज ओन्ली’ असा शिक्का आहे. सगळ्यांवर आता ‘सीयूआय’ (कंट्रोल्ड अनक्लासिफाइड इन्फर्मेशन, म्हणजे गुप्त नसलेली पण जपून हाताळायची सरकारी माहिती) लिहायचं का? त्यातलं एखादं पुण्यातल्या कारखान्याला कोटेशनसाठी पाठवलं तर चालेल का?

उत्तर : गठ्ठे काढून शिक्के मारत बसू नका. जुना शिक्का आहे म्हणून कागद आपोआप सीयूआय होत नाही. सीयूआय ठरायला त्यामागे एखादा कायदा, नियम किंवा सरकारी धोरण असावं लागतं, आणि तो निर्णय पुरवठादाराचा नाही. ड्रॉइंग नंबरांची यादी करा, वरच्या कंत्राटदाराला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. ‘सुरक्षित बाजू’ म्हणून सरसकट सीयूआय लिहिलंत, तर शॉपमधला प्रत्येक कॉम्प्युटर, प्रिंटर आणि बॅकअप नियमांच्या कक्षेत ओढला जाईल. छोट्या शॉपला तो खर्च झेपत नाही.

ड्रॉइंग सीयूआय ठरलं, की त्यावरून तुम्ही बनवलेली इन्स्पेक्शन शीटही तपासा. तीच माहिती तिच्यात उतरली असेल, तर पानाच्या वर-खाली ‘सीयूआय’ हवं. पहिल्या पानावर नियंत्रण कोणाचं, माहितीचा प्रकार, वितरणाची मर्यादा आणि संपर्क एवढा मजकूर हवा.

खरी मेहनत पुढे आहे. करारात डीफार्सचं (संरक्षण खात्याच्या खरेदी नियमांचं) ७०१२ कलम असेल, तर एनआयएसटी ८००-१७१ या सायबर सुरक्षेच्या सरकारी मानकाच्या ११० अटी लागू होतात. गुणांकन ११० पासून सुरू होतं आणि अपुऱ्या अटीमागे ५, ३ किंवा १ गुण कापतात. आकडा उणे २०३ पर्यंत घसरू शकतो. सिस्टिम सिक्युरिटी प्लॅन (या अटी तुम्ही कशा पाळता याचा आराखडा) लिहिलेला नसेल तर गुण मोजतच नाहीत, म्हणून सुरुवात तिथूनच करा. एन्क्रिप्शन आहे पण फिप्स या सरकारी मानकानुसार प्रमाणित नाही, यातही ३ गुण जातात. १० नोव्हेंबर २०२५ पासून नव्या करारांत सीएमएमसीची (सायबर सुरक्षेची ही तयारी तपासणाऱ्या संरक्षण खात्याच्या योजनेची) अट टप्प्याटप्प्याने येत आहे.

प्लॅन लिहिण्याआधी एका ड्रॉइंगचा माग काढा : ईमेल, प्रोग्रॅमरचा कॉम्प्युटर, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनपर्यंत नेणारा पेनड्राइव्ह, मशीनला अडकवलेली प्रिंट, भागांवर धातूचा मुलामा देणाऱ्या प्लेटिंगवाल्याकडे गेलेली प्रत. गडबड बहुधा शेवटच्या दोन ठिकाणी होते. ७०१२ कलमाची अट प्लेटिंगवाल्यालाही कळवावी लागते. सायबर घटना लक्षात आल्यापासून ७२ तासांत संरक्षण खात्याला कळवायची, आणि बाधित सिस्टिमच्या प्रती किमान ९० दिवस राखायच्या.

पुण्याला पाठवण्याबद्दल : निर्यात-नियंत्रित ड्रॉइंग परदेशात नुसतं ईमेल करणंही निर्यातच; परवाना लागत असेल तर त्याशिवाय पाठवू नका. आयटार (शस्त्रास्त्र निर्यातीचे अमेरिकी नियम) खालचं ड्रॉइंग शॉपमधल्याच एच-१बी सहकाऱ्याला दाखवलं तरी तोच नियम. ग्रीन कार्डधारक मात्र ‘यू.एस. पर्सन’ धरला जातो. ड्रॉइंगवर ‘डिस्ट्रिब्युशन स्टेटमेंट डी’ (कोणाला देता येईल हे सांगणारी ओळ) असेल, तर वितरण संरक्षण खातं आणि त्याच्या अमेरिकी कंत्राटदारांपुरतंच आहे. कोटेशन मागण्याआधी ती ओळ वाचा.