मनापासून वाटत नसताना देवाचे आभार कसे मानायचे?

तुम्ही विचारलंय की रोज प्रार्थनेत आभार मानता पण आत काही हलत नाही, मग हे ढोंग आहे का. माझं कित्येक वर्षं हेच चालू होतं म्हणून लिहितेय.

माझी प्रार्थना ठरलेली, आरोग्य, कुटुंब, अन्नवस्त्र सगळ्याबद्दल आभार, आमेन, एका दमात संपायची. मग वडील आजारी पडले आणि तेच शब्द घशात अडकायला लागले, कारण मला देवाचा राग आला होता आणि तोंडाने मात्र उपकारस्तुती चालू होती. एका रात्री ती बंद केली आणि नुसतं बायबलमधलं स्तोत्र १३ वाचलं. फक्त ६ वचनं आहेत, सुरुवात 'देवा, कुठवर मला विसरणार' अशी आणि शेवटी तोच माणूस देवाने केलेलं भलं आठवून गायला लागतो. मी त्या रात्री पहिल्या २ वचनांतच थांबले, पण निदान खरं बोलले.

नंतर योहानाच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय वाचताना लक्षात आलं, मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी येशू आधी रडला आणि मग पित्याचे आभार मानले, एकाच अध्यायात. त्यामुळे 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' हे बायबलमधलं वचन (१ थेस्सलनीका ५:१८) आजारी माणसाच्या तोंडावर फेकलेलं मला अजिबात सहन होत नाही. सर्व स्थितीत म्हणजे त्या स्थितीत असताना, आजाराबद्दल आभार मान असं तिथे लिहिलेलं नाही. इफिस ५:२० मध्ये 'सर्वांबद्दल' असंही आहे हे मान्य, त्या वचनाशी मी अजून झगडतेय.

एक गोष्ट मात्र टाळाच, दुसऱ्याकडे नाही आणि आपल्याकडे आहे म्हणून आभार. लूकच्या शुभवर्तमानात १८ व्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, पण प्रार्थनेत 'देवा, मी तुझे आभार मानतो' असंच म्हणतो, पुढे कारण काय देतो तर मी इतर लोकांसारखा नाही, या जकातदारासारखा (लोक ज्याला पापी समजायचे त्या कर गोळा करणाऱ्यासारखा) नाही. शब्द आभाराचेच, पण लक्ष सगळं स्वतःवर. मला ते वाचून भीती वाटते कारण मी पण अशी प्रार्थना केलीय.

आता करते काय तर रात्री एकच गोष्ट सांगते, अगदी बारीक. 'आरोग्याबद्दल' नाही, 'बाबा आज दुपारी २ तास न खोकता झोपले' असं. नाव घेऊन सांगितलं की मन आपोआप तिथे जातं. आणि जे काही माणसाच्या हातून मिळालं ते त्या माणसाला पण जाऊन सांगायचं. लूक १७ मधले येशूने पाठवलेले १० कुष्ठरोगी वाटेतच शुद्ध म्हणजे बरे झाले, आभार मानायला येशूकडे परत आला तो एकटा शोमरोनी, यहुदी ज्यांना परके समजत त्यांच्यातला, म्हणजे त्याला तेवढं अंतर उलटं चालावं लागलं. बाबा गेल्यावर महिन्याभराने मी त्या वॉर्डातल्या सिस्टरना भेटायला गेले, पाय उचलत नव्हता. रात्री तुम्ही त्यांची उशी सारखी करून द्यायचात ते मी बघायचे, एवढंच बोलले. त्यांना बाबांचं नाव आठवत होतं.

अजूनही कोरडे दिवस येतातच. तेव्हा देवाला सांगते की आज काही सुचत नाहीये, आणि झोपते.