हेडलाईट 'ऑटो'वर ठेवूनही मागचे दिवे बंद? लगेच सेन्सर बदलू नका

तुमची पोस्ट वाचली आणि तीन वर्षांपूर्वीचा ताम्हिणी घाट डोळ्यांसमोर आला. तुम्ही आंबोलीत भरदुपारी धुक्यात होतात, लाईट 'ऑटो'वर (म्हणजे अंधार झाला की सेन्सर आपोआप दिवे लावतो त्या सेटिंगवर) होती, आणि शेजारून गेलेल्या गाडीवाल्याने ओरडून सांगितलं की मागे दिवेच नाहीत. ताम्हिणीत माझेही मागचे दिवे असेच बंद होते, पण मला सांगायला कुणी आलं नाही. मागून टेम्पो येऊन धडकला. डिकी आत गेली, मागच्या सीटवर आई होती. सुदैवाने तिला फक्त मुका मार लागला.

सेन्सर खराब आहे का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक नसावा. तो फक्त उजेड मोजतो, धुकं त्याला कळत नाही. दिवसा धुक्यात पुढची गाडी दिसत नसली तरी वरून पांढरा उजेड येतच असतो, म्हणून तो हेडलाईट लावत नाही. पुढे डीआरएल (दिवसा आपोआप लागणारे दिवे) जळत असतात, मीटरही उजळलेला असतो, त्यामुळे आपल्याला वाटतं सगळं चालू आहे. पण बऱ्याच गाड्यांत डीआरएल फक्त पुढे असतात. मागे काहीच नाही.

हे मला सर्व्हिस सेंटरमध्ये एकानेही सांगितलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही. गाडी अकरा दिवस ठेवून घेतली, सेन्सर बदलला, त्याचे पैसे वेगळे लावले आणि "आता बिनधास्त जा" म्हणाले. पुढच्याच पावसाळ्यात वरंधा घाटात थांबून मागे जाऊन पाहिलं, तर तेच. बिघाड कधी नव्हताच! गाडी ताब्यात देतानाही "ऑटोवर ठेवा, हात लावायची गरज नाही" एवढंच सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं गाडी चालवली.

आता मी धुकं किंवा जोराचा पाऊस दिसला की स्टिअरिंगजवळच्या दांडीचं टोक फिरवून स्वतः हेडलाईट लावतो, लो बीमवर (झोत खाली ठेवून). मीटरमध्ये हिरवं चिन्ह आलं का ते बघतो. निळं असेल तर अप्पर लागलाय, तो धुक्यात नकोच; उजेड परत डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. मागचा फॉग लॅम्प (धुक्यासाठीचा प्रखर लाल दिवा) असेल तर दाट धुक्यात जरूर लावा, पण धुकं सरलं की बंद करा, मागच्याच्या डोळ्यांत तो फार खुपतो. माझ्या गाडीत तो हेडलाईट लावल्याशिवाय लागत नाही. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअलमध्ये बघा, मी मेकॅनिक नाही.

आणि कृपा करून चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका. घाटात निम्मे लोक लावतात. मागच्याला गाडी थांबलीय की चाललीय ते कळत नाही, आणि आपण वळणार असलो तरी तो इशारा दिसत नाही. ते गाडी बंद पडली तरच.

डिकी सामानाने भरली असेल तर स्टिअरिंगजवळचं लेव्हलिंगचं (हेडलाईटचा झोत वर-खाली करायचं) चाक शून्यावर ठेवू नका. मागचा भाग दबला की पुढचा झोत वर जातो, म्हणून आकडा वाढवायचा. शिवाय घाटात चहाला थांबलात की मागच्या दिव्यांच्या काचा फडक्याने पुसा, चिखलाने त्या पार माखलेल्या असतात.