रेझिस्टंट जंतू जास्त विष सोडतो का?

नाही भाऊ, जंतू रेझिस्टंट, म्हणजे अँटिबायोटिकला दाद न देणारा आहे म्हणून तो जास्त विष सोडतो असं नसतं, तुमच्या वडिलांना जळगावला ऑपरेशननंतर अँटिबायोटिक चालू असतानाच जुलाब लागले आणि रिपोर्टात क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जंतू आला, त्यात या दोन गोष्टी वेगळ्या धरा. मी धुळ्याला मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये असतो, असे सँपल आमच्याकडे येतात. आतडं सोलवटतं ते याच्या टॉक्सिन ए आणि बी या दोन विषांमुळे, त्यांची जीन्स वेगळी, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकला दाद न देणं हा दुसऱ्याच जीनमधला बदल, म्हणून ज्याच्यात टॉक्सिनची जीन्स नाहीत तो कितीही रेझिस्टंट असला तरी हे जुलाब लावत नाही. गोंधळ यासाठी होतो की अँटिबायोटिकने आतड्यातले चांगले जंतू मरतात, हा मात्र टिकतो आणि त्याला मोकळं रान मिळतं. अपवाद म्हणाल तर याच जंतूचा रायबोटाइप 027 नावाचा प्रकार, 2000 नंतर कॅनडा-अमेरिका-युरोपात पसरला, त्यात रेझिस्टन्स आणि जास्त विष दोन्ही एकत्र सापडलं.

आता महत्त्वाचं:
- जुलाब थांबवायची गोळी मनाने देऊ नका, डॉक्टरांना विचारा.
- व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक यात सहसा तोंडावाटेच देतात, शिरेतून दिलेलं आतड्यात पुरेसं पोचत नाही.
- डबा घेऊन जाणाऱ्या सगळ्यांनी साबण-पाण्याने हात चोळून धुवा, सॅनिटायझरने या जंतूचे बीजाणू मरत नाहीत, वॉर्डात सगळे बाटली दाबून मोकळे होतात आणि तिथंच चुकतं.