फवारणी करणाऱ्याच्या अंगावर काय हवे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कपाशी छातीला लागली आहे. फवारणाऱ्या रोजंदाराला आम्ही तोंडाला रुमाल बांधायला सांगतो. थोड्या पैशात आणखी एखादीच वस्तू घ्यायची तर मास्क घ्यावा की हातमोजे? (गेवराई, जि. बीड)

हातमोजे, आणि तेही आजच. पाठीवरच्या पंपातून निघणारे बहुतेक थेंब जड असतात. ते नाकात कमी जातात, अंगावर जास्त बसतात. फवारणीचे विष शरीरात शिरते ते मुख्यतः कातडीतून. सगळ्यात मोठा धोका फवारताना नसतो, औषध मिसळताना असतो. लिटरला २ मिली या प्रमाणात औषध घेतले, तर बाटलीतल्या एका थेंबात पंपातल्या पाचशे थेंबांइतके विष असते. बादलीत हाताने ढवळणाऱ्याच्या मनगटापर्यंत काय लागत असेल, ते यावरून समजावे.

मोजे नायट्राइल रबराचे घ्या : आत अस्तर नसलेले, किमान १२ इंच लांब, साधारण ०.३८ मिमी जाडीचे. दवाखान्यातले पातळ निळे मोजे काडी लागली की फाटतात. कापडी किंवा लोकरीचे मोजे तर नसलेले बरे, कारण ते औषध शोषून दिवसभर हाताला चिकटवून ठेवतात. भांडी घासायचे लॅटेक्सचे मोजे ईसी प्रकारच्या (पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणाऱ्या) औषधातल्या द्रावकाने फुगतात आणि औषध आत झिरपते. घालण्याआधी मोज्यात पाणी भरून दाबून पाहा. एक थेंब गळला तरी तो जोड फेकून द्या.

कपाशी, सोयाबीनवर हात खाली ठेवून फवारताना शर्टाची बाही मोज्याच्या वर असावी. मोसंबी किंवा आंब्यावर हात वर जातो, तेव्हा मोजा बाहीवर चढवून त्याची कड बाहेर दुमडा, म्हणजे ओघळ कोपराकडे उतरत नाही. पॅन्ट मात्र नेहमी गमबुटाच्या बाहेर. आत खोचली की बुटात औषध साचते आणि पाय त्यातच भिजत राहतात.

प्रश्न : ऑक्टोबरच्या उन्हात प्लास्टिकचा पूर्ण सूट घातला की माणूस अर्ध्या तासात घामाघूम होतो आणि तो काढून टाकतो. काय करावे? (सेलू, जि. परभणी)

काढून टाकणारच, त्यात त्याची चूक नाही. हवा न खेळणारा सूट आपल्याकडच्या उन्हात उष्माघात घडवू शकतो. जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पॅन्ट घाला. त्यावर छातीपासून गुडघ्याखालपर्यंत येणारा जलरोधक ॲप्रन बांधा. पंपाखाली पाठीवर जाड प्लास्टिक हवेच. मिसळताना ॲप्रन आणि चष्मा काढायचा नाही. फवारणी सकाळी लवकर किंवा चारनंतर करा. वारा पडलेला असेल किंवा जोराचा असेल तर थांबा, पाने हलकी हलत असतील तेव्हा करा.

डोके उघडे ठेवू नका. पॅराथिऑन या कीटकनाशकावरच्या जुन्या प्रयोगात कोपराखालच्या हाताच्या तुलनेत कपाळाची कातडी सुमारे चौपट विष शोषते असे दिसले होते. काख आणि जांघेत तर ते त्याहूनही जास्त शोषले जाते. पंपाच्या झाकणातून गळलेले पाणी पाठीवरून कमरेखाली उतरते, ते या कारणाने घातक. झाकणाचा वॉशर, नळीचे क्लिप आणि ट्रिगर, तिन्ही साध्या पाण्यावर तपासूनच औषध भरा. नोझल अडकले तर तोंडाने फुंकू नका. जवळ एक जादा नोझल ठेवा, अडकलेले मऊ ब्रशने साफ करा.

चालण्याची पद्धतही कपड्यांइतकीच महत्त्वाची आहे. वारा पश्चिमेकडून येत असेल आणि सऱ्या दक्षिणोत्तर असतील, तर पूर्वेच्या बांधापासून सुरुवात करा. नळी फक्त पूर्वेच्या बाजूला धरा आणि एकेक सरी पश्चिमेकडे सरका. म्हणजे ओल्या झाडांत पुन्हा शिरावे लागत नाही. दोन्ही बाजूंना नळी हलवत पुढे चालणारा माणूस स्वतःच फवारलेल्या पिकातून जातो. २०१७ च्या हंगामात नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. तेव्हा कपाशी डोक्याइतकी वाढली होती, हे विसरू नये.

प्रश्न : मास्क कोणता? (अंबड, जि. जालना)

ओला रुमाल आणि सर्जिकल मास्क दोन्ही निरुपयोगी. ओले कापड तर विष तोंडाशी धरून ठेवते. पावडर मिसळताना बारीक कण अडवणारा एफएफपी२ दर्जाचा मास्क चालतो. वास येणाऱ्या द्रव औषधासाठी सेंद्रिय वाफ शोषणारे, तपकिरी पट्ट्याचे कार्ट्रिज (मास्कला लावायची डबी) आणि त्यावर कणांची गाळणी असलेला अर्धा मास्क लागतो. आत वास येऊ लागला की कार्ट्रिज बदला. श्वास जड झाला तर कणांची गाळणी बदला. वापर नसताना कार्ट्रिज बंद डब्यात ठेवा, उघड्यावर ते हवेतली वाफ ओढत राहते. दाढी असेल तर मास्क बसत नाही.

प्रश्न : मालकांचे फवारणीचे कपडे मी घरच्या कपड्यांबरोबर धुते. चालते का? (औसा, जि. लातूर)

नाही ताई, वेगळे धुवा, आणि मोजे घालूनच. आधी नुसत्या पाण्यातून काढा, मग गरम पाणी आणि साबण, तोही दोनदा, आणि उन्हात वाळवा. ते पाणी विहिरीजवळ किंवा गोठ्यात सोडू नका. मूळ औषध सांडून भिजलेला कपडा धुतल्यानेही सुटत नाही, तो टाकूनच द्यावा. कपडे उतरवायचा क्रमही मालकांना सांगा : हातातले मोजे हातातच साबणाने धुवायचे, मग बूट, ॲप्रन, चष्मा, मास्क आणि शेवटी मोजे.

प्रश्न : 'किसान कवच' घेतले तर बाकी काही लागत नाही, असे ऐकले. (वसमत, जि. हिंगोली)

लागते. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला हा सूट बंगळुरूच्या इनस्टेम संस्थेने सेपिओ हेल्थ कंपनीबरोबर तयार केला, तेव्हा किंमत सुमारे ४,००० रुपये होती. हे कापड काही प्रकारच्या कीटकनाशकांचा रेणू तोडून त्यांना निष्प्रभ करते. कल्पना उत्तम आहे आणि कापड धुऊन पुन्हा वापरता येते. पण हात, डोळे आणि श्वासाचे रक्षण वेगळेच करावे लागते.

प्रश्न : साहित्य कोणी द्यायचे? आणि मजुराला त्रास झाला तर? (भोकर, जि. नांदेड)

१९७१ च्या कीटकनाशक नियमांतील ३९व्या नियमात अंगरखा, टोपी किंवा हूड, मनगट आणि कोपर यांच्या मध्यापर्यंत येणारे रबरी मोजे, चष्मा आणि बूट सांगितले आहेत. रोजंदार हे विकत घेऊ शकत नाही. फवारणीला माणूस लावणाऱ्याने औषधाच्या बिलाबरोबरच हा खर्च धरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मळमळ आणि चक्कर उन्हानेही येते. पण डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे, लाळ गळणे, स्नायू फडफडणे हे ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट या गटांतल्या कीटकनाशकांच्या विषबाधेचे लक्षण आहे. कपडे काढा, केस आणि नखांसह साबणाने १५ मिनिटे धुवा. मदत करणाऱ्यानेही मोजे घालावेत. दूध, तूप, लिंबूपाणी देऊ नका, उलटी करवू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा लेबल प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत द्या. ॲट्रोपिन हा विषावरचा उतारा ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेटवर चालतो, इतर बहुतेक औषधांवर नाही. म्हणून डॉक्टरांना नाव हवे असते.