नॅशनल सर्व्हिस म्हणजे ‘राष्ट्रीय सेवा’ नव्हे

प्रश्न असा आहे : भारतीय संघाच्या १९५२ सालच्या इंग्लंड दौऱ्यावरच्या एका लेखाचा अनुवाद करताना ‘फ्रेड ट्रूमन त्या वेळी नॅशनल सर्व्हिस करत होता’ अशा अर्थाचे वाक्य आले. (ट्रूमन म्हणजे इंग्लंडचा वेगवान गोलंदाज.) अनुवादकाने ‘ट्रूमन तेव्हा राष्ट्रीय सेवेत होता’ असे लिहिले. कच्चा मजकूर वाचणाऱ्या त्याच्या मुलीने विचारले, “म्हणजे एनएसएस का, बाबा?” आता काय लिहावे?

मुलीचे काही चुकलेले नाही. १९६९ साली आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, आणि तेव्हापासून ‘राष्ट्रीय सेवा’ म्हटले की मराठी वाचकाला दत्तक गाव, सात दिवसांचे शिबिर, श्रमदान, शोषखड्डे आणि रात्रीचे पथनाट्य आठवते. जायचे तर जा, नाहीतर राहा. ट्रूमनला ‘नाहीतर राहा’ ही सोय नव्हती. तो हवाई दलात होता आणि लीड्सच्या कसोटीला सुटी घेऊन आला होता. त्या सुटीत त्याने काय केले, हे जुन्या क्रिकेटवेड्यांना सांगायला नको. दुसऱ्या डावात आपली अवस्था शून्यावर चार बाद! पंकज रॉय, माधव मंत्री आणि पहिल्या डावात १३३ काढलेला विजय मांजरेकर असे तिघे ट्रूमनने टिपले, दत्ता गायकवाड बेडसरच्या वाट्याला गेले. हे ‘राष्ट्रीय सेवेतल्या’ मुलाने केले असे वाचले, तर कुणाला वाटेल झाडे लावून आला आणि दांड्या उडवून गेला.

तेव्हा मी लिहीन : ‘ट्रूमन त्या वेळी सक्तीची सैनिकी सेवा बजावत होता.’

‘सक्तीची’ का? ‘अनिवार्य’ चुकीचे नाही, पण ते सरकारी परिपत्रकातले वाटते. ‘सक्ती’ म्हटल्यावर कुणाला सक्तमजुरी आठवेल ही भीती अनाठायी आहे. सक्तीचे प्राथमिक शिक्षण आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. आणि ‘लष्करी’ऐवजी ‘सैनिकी’ अशासाठी, की लष्कर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पायदळ-रणगाडे येतात. नॅशनल सर्व्हिस करणारी मुले तिन्ही दलांत जात, जरी बहुसंख्य भूदलातच गेली.

‘सक्तीची भरती’ हा शब्द वर्तमानपत्रांत दिसतो. तो मला एकाच जागी चालतो, कायद्याबद्दल बोलताना. माणसाबद्दल बोलताना नको. आपल्याकडे भरती ही हवीहवीशी गोष्ट आहे. पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळणारी पोरे भरतीचीच तयारी करत असतात, आणि ‘भरती झाला’ म्हटले की गावात पेढे वाटले जातात. तिकडे ब्रिटनमध्ये अठराव्या वर्षी पाकीट यायचे, त्यात रेल्वेचा पास आणि हजर होण्याचा हुकूम. त्याला इंग्रजीत ‘कॉल-अप’ म्हणत. याचे मराठी कृपा करून ‘बोलावणे आले’ असे करू नका. अठराव्या वर्षी बोलावणे आलेला मुलगा आपल्या भाषेत थेट वरच जातो. ‘हुकूम आला’ पुरे.

मग ब्रिटिशांनी तरी ‘राष्ट्रीय’ हा गोड शब्द का निवडला? काही अंशी गोडव्यासाठीच. सक्तीच्या सैनिकी शिक्षणाची मागणी करणारी नॅशनल सर्व्हिस लीग १९०२ मध्येच निघाली होती, आणि कानपूरला जन्मलेले ब्रिटिश सेनानी लॉर्ड रॉबर्ट्स पुढे तिचे अध्यक्ष झाले. पण दुसऱ्या महायुद्धात हा शब्द खरोखरच व्यापक होता. डिसेंबर १९४१ च्या कायद्याने अविवाहित तरुणींनाही बोलावता येऊ लागले, आणि त्यांतल्या कित्येकींच्या वाट्याला कारखाना आला. १९४३ च्या अखेरीपासून काही मुलांना चिठ्ठ्या टाकून सैन्याऐवजी कोळशाच्या खाणीत धाडले. मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावावरून त्यांना ‘बेव्हिन बॉईज’ म्हणत. अशी सगळी मिळून ती ‘राष्ट्रीय’ सेवा.

युद्धानंतर अर्थ आकसला, नाव तेच राहिले. १९४७ चा कायदा १ जानेवारी १९४९ पासून लागू झाला तो फक्त पुरुषांसाठी आणि फक्त सैन्यासाठी. खाणकामगार, शेतकामगार, व्यापारी जहाजांवरचे खलाशी यांना सूट. उत्तर आयर्लंड पूर्णच वगळलेले. मुदत सुरुवातीला अठरा महिने होती, कोरियाचे युद्ध पेटल्यावर १९५० मध्ये ती दोन वर्षे केली. कुणी मलायाच्या जंगलात गेला, कुणी केनियात, सायप्रसमध्ये. कुणी दोन वर्षे छावणीतल्या कोठारात ब्लँकेटे मोजत बसला. शेवटचे हुकूम १९६० च्या अखेरीस निघाले आणि शेवटचे सैनिक १९६३ मध्ये घरी परतले.

जाता जाता एक गंमत. त्या मुलांच्या आठवणी वाचताना ओळखीचे शब्द भेटतात. आरामाची नेमणूक ती ‘कुशी’ (आपली खुशी), परवानगीचा कागद ‘चिट’, नजर टाकणे म्हणजे ‘डेको’, आणि डोके फिरले की माणूस ‘डुलाली’. हे डुलाली म्हणजे नाशिकजवळचे आपले देवळाली! मुदत संपलेले गोरे सैनिक तिथल्या छावणीत मायदेशाच्या बोटीची वाट पाहत कंटाळून भ्रमिष्ट होत, त्यावरून ‘डुलाली टॅप’, म्हणजे देवळालीचा ताप. ही पोरे सैन्यात जाईपर्यंत भारत स्वतंत्र झालेला, देवळाली त्यांनी पाहिलेले नाही. शब्द मात्र बराकीत वारशाने आला. अनुवादात तिथे ‘वेड लागले’ असेच लिहा, आणि मोह आवरला नाही तर तळटीप द्या.

एक अपवाद. सिंगापूरमध्ये १९६७ पासून जी नॅशनल सर्व्हिस आहे, तिथे माझे वरचे उत्तर जसेच्या तसे लावू नका. तीही सक्तीचीच, कायम रहिवासी झालेल्या भारतीय कुटुंबांतल्या मुलांनाही साधारण दोन वर्षे करावी लागते. पण काही मुले सैन्यात न जाता पोलिसांत किंवा आगीच्या बंबावर जातात, त्यामुळे ‘सैनिकी’ अपुरे पडते. तिथे सगळे सरळ ‘एनएस’ म्हणतात. तेच ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्धे वाक्य खर्च करून काय ते सांगा.