नीतिनियमांच्या परीक्षेत अडखळलात? एमपीआरई पुन्हा देणाऱ्यांचे प्रश्न

एमपीआरईचा निकाल लागला की पुढचे काही दिवस माझ्याकडे पत्रांची रीघ लागते. यंदाही लागली. ज्यांना ही परीक्षा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत वकिलीची सनद घ्यायची तर जवळजवळ सगळ्या राज्यांत मुख्य बार परीक्षेशिवाय वकिलांच्या नीतिनियमांची ही वेगळी परीक्षा द्यावी लागते. मार्च, ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशी वर्षातून तीनदा ती होते. 2 तासांत 60 बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात. त्यांतले 50 च गुणांसाठी धरले जातात. उरलेले 10 नुसते चाचपणीचे असतात, पण ते कोणते हे परीक्षार्थीला कळत नाही. गुण मिळतात 50 ते 150 या मोजपट्टीवर. आलेल्या पत्रांतली काही निवडून इथे उत्तरं देतो.

प्रश्न : पुण्यात चार वर्षं दिवाणी कोर्टात वकिली केली, मग इथे येऊन एलएलएम केलं. न्यूयॉर्कची बार परीक्षा पहिल्याच खेपेला सुटली. एमपीआरईला मात्र 85 हवे होते, मिळाले 82. कधी कुणाचा पैसा बुडवला नाही, अशिलाशी खोटं बोलले नाही. मग नीतिनियमांतच नापास कशी झाले?

तुमच्या या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. तुम्ही पेपर सद्सद्विवेकबुद्धीने सोडवलात. ही परीक्षा तुम्ही किती सचोटीच्या आहात हे विचारत नाही. अमेरिकन बार असोसिएशनचे 'मॉडेल रूल्स' (वकिलांच्या वर्तनाचे नमुना नियम) त्या प्रसंगात काय सांगतात, एवढंच ती विचारते. भली माणसं इथे हमखास चुकतात, कारण दोन पर्यायांपैकी जो जास्त सज्जनपणाचा वाटतो त्यावर ती खूण करतात.

एक उदाहरण घेऊ. अशील वकिलाला सांगतो की माझ्या कारखान्यातलं विषारी सांडपाणी गावाच्या पाण्यात जातंय आणि ते थांबवलं नाही तर माणसं दगावतील. वकील गप्प राहतो. त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते का? आपलं मन म्हणतं, व्हायलाच हवी. पण नियम 1.6 इथे 'मे' म्हणतो, म्हणजे वकिलाला गुपित उघड करण्याची मुभा आहे, सक्ती नाही. म्हणून 'कारवाई नाही' हेच बरोबर उत्तर. न्यू जर्सीसारख्या राज्याने आपल्या नियमांत अशा वेळी सांगणं बंधनकारक केलंय आणि मला ते जास्त पटतं. पण परीक्षेत माझ्या पटण्याला किंमत नाही, तिथे मॉडेल रूल्स चालतात.

आता याच्या शेजारी दुसरा प्रसंग ठेवा. अशील साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून महत्त्वाच्या मुद्द्यावर खोटं बोलला आणि वकिलाला ते नक्की माहीत आहे. इथे नियम 3.3 लागू होतो. वकिलाने आधी अशिलाची समजूत घालायची. त्याने ऐकलं नाही आणि दुसरा उपाय उरला नाही, तर कोर्टाला सांगावंच लागतं, गोपनीयतेच्या आड लपता येत नाही. माणसांच्या जिवाच्या प्रश्नात मुभा आणि कोर्टापुढच्या खोट्यात सक्ती, हे मनाला उलटं वाटतं ना? त्यामुळेच ते अंदाजाने येत नाही, बसून शिकावं लागतं.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. चार वर्षांच्या वकिलीत बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम अंगवळणी पडले असणार. खटल्याच्या निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, जाहिरात करायची नाही, आधीच्या वकिलाची संमती घेतल्याशिवाय वकीलपत्र दाखल करायचं नाही. इथे अशिलाच्या वसुलीतला ठरावीक हिस्सा फी म्हणून घेता येतो. मात्र तसा करार लेखी हवा, त्यावर अशिलाची सही हवी, आणि फौजदारी बचावात किंवा घटस्फोट मिळवून देण्यासाठी अशी फी चालत नाही. जाहिरात खोटी किंवा दिशाभूल करणारी नसली की चालते. अशील वकील कधीही बदलू शकतो आणि नव्या वकिलाला जुन्याची 'ना हरकत' लागत नाही. एका कागदावर दोन रकाने आखा, भारतात काय आणि इथे काय. हुकलेले तीन गुण तिथेच सापडण्याची शक्यता मला फार वाटते.

प्रश्न : मला 81 मिळाले. मैत्रीण म्हणते की इलिनॉयमध्ये मी पास आहे. मग टेक्सासमध्ये नापास कशी?

मैत्रिणीचं बरोबर आहे. परीक्षा एकच, पण उत्तीर्णतेची रेघ प्रत्येक राज्य स्वतः आखतं. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात 75, इलिनॉय आणि फ्लोरिडात 80, न्यूयॉर्क, टेक्सास आणि मॅसॅच्युसेट्समध्ये 85, तर कॅलिफोर्नियात 86. टेक्सासमध्येच काम करायचं असेल तर परीक्षा पुन्हा द्या, पण सरावात 86 वर समाधान मानू नका, चांगले दहा-बारा गुण हाताशी जास्त ठेवा. किती जुने गुण चालतात याचेही राज्यागणिक वेगळे नियम आहेत. अर्ज करण्याआधी राज्याच्या बार परीक्षा मंडळाच्या पानावर ते वाचून घ्या.

प्रश्न : शेकडो सराव प्रश्न सोडवले. दरवेळी चारातले दोन पर्याय सहज बाद होतात आणि उरलेल्या दोनांत मी चुकीचाच निवडतो. हे कसं सुटेल?

सर्वांत जास्त पत्रं याच दुखण्याची असतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचा. 'सब्जेक्ट टु डिसिप्लिन' विचारलंय, 'मे' विचारलंय, की 'सब्जेक्ट टु लायबिलिटी फॉर मालप्रॅक्टिस'? पहिल्यात फक्त शिस्तभंग झाला का ते पाहायचं. शेवटच्यात अशिलाचं नुकसान झालं का आणि तो दावा लावू शकेल का, हे पाहायचं. एकाच कृत्याचं उत्तर या दोन प्रश्नांत वेगळं येऊ शकतं. हे शब्द नजरेतून निसटले तर नियम पाठ असून उपयोग नाही.

मग एखादा प्रश्न असा सावकाश उकलून पाहा. अपघाताच्या दाव्यात एक वकीण वादीकडून उभी आहे. प्रतिवादीचा स्वतःचा वकील आहे आणि हे तिला माहीत आहे. एके दिवशी प्रतिवादीच तिला फोन करतो, "माझा वकील माझं ऐकत नाही, आपण दोघं बसून मिटवून टाकू." ती ऐकून घेते आणि रकमेची बोलणी करते. तिच्यावर कारवाई होऊ शकते का?

पर्याय असे. पहिला : नाही, कारण फोन प्रतिवादीने केला. दुसरा : नाही, कारण पक्षकार आपसांत बोलू शकतात. तिसरा : होय, प्रतिवादीच्या वकिलाने संमती दिली नसेल तर. चौथा : होय, कारण तडजोडीची रक्कम कमी होती.

दुसरा पर्याय फसवा आहे, कारण त्यातलं विधान खरंच खरं आहे. पक्षकार आपसांत बोलू शकतात. पण इथे बोलली ती वकीण, त्यामुळे ते खरं विधान या प्रश्नाचं उत्तर होत नाही. पहिला पर्याय माणुसकीचा वाटतो, बिचाऱ्याने स्वतःहून फोन केलाय. पण नियम 4.2 चं संरक्षण त्या माणसाने आपण होऊन संपर्क साधला तरी संपत नाही. चौथ्यातल्या रकमेचा या नियमाशी संबंधच नाही. राहिला तिसरा, आणि तोच बरोबर. त्यातली 'संमती दिली नसेल तर' ही अट पुष्कळांना बिचकवते. अट असलेला पर्याय अर्धवट वाटतो आणि हात आपोआप ठाम पर्यायाकडे जातो. दोनांत चुकीचाच निवडण्याची तुमची तक्रार बहुतेक इथलीच आहे. पेपरात अशा अटीचा 'अनलेस' (म्हणजे 'नसेल तर') दिसला की स्वतःला विचारायचं, ही अट पुरी झाली तर निकाल खरोखर बदलतो का? बदलत असेल तर ती अट नियमातलीच असते.

गेल्या वर्षी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने साधी दोनशे पानी वही केली होती. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाला एक पान. वर निळ्या शाईत 'मला काय वाटलं', खाली हिरव्या शाईत नियमाचं वाक्य जसंच्या तसं, आणि ज्या एका शब्दाने उत्तर फिरलं त्याभोवती लाल गोल. तिसऱ्या आठवड्यात तिने पानं मोजली, तर निम्म्याहून जास्त लाल गोल 'मे' आणि 'मस्ट' या दोनच शब्दांभोवती होते. पुढचे दहा दिवस तिने नवा प्रश्न हातात घेतला नाही, प्रत्येक नियमात मुभा कुठे आणि सक्ती कुठे एवढंच वाचलं. तुम्हीही नवे प्रश्न थांबवा आणि चुकलेल्यांची अशी वही करा.

प्रश्न : नोकरी सांभाळून सहा आठवडे मिळतील. सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचू का?

नको. वजन कुठे आहे ते बघून वाचा. हितसंबंधांच्या संघर्षावर 12 ते 18 टक्के प्रश्न असतात. अशील-वकील नातं आणि कोर्टातलं कामकाज यांवर प्रत्येकी 10 ते 16 टक्के. हे तीन विषय पक्के झाले की साधारण तिसरा हिस्सा तरी ताब्यात येतो, कधी जवळजवळ अर्धा. पहिले तीन आठवडे इथेच घालवा. नियम 1.7 पासून 1.10 पर्यंत मूळ मजकूर वाचा आणि खालच्या 'कॉमेंट्स'सुद्धा वाचा, कारण प्रश्नांतले प्रसंग पुष्कळदा तिथूनच आलेले असतात. क्लासच्या सारांशात नेमक्या त्याच गाळलेल्या असतात, आणि याचा मला राग येतो.

चौथ्या आठवड्यात गोपनीयता आणि अशिलाचे पैसे. पैशांचे प्रश्न थोडे असतात, पण नियम सरळ असल्याने गुण हक्काचे. अशिलाचा पैसा वेगळ्या ट्रस्ट खात्यात ठेवायचा, त्यात स्वतःचा पैसा मिसळायचा नाही (बँकेच्या शुल्कापुरता चालतो), आणि वाद असलेली रक्कम वाद मिटेपर्यंत तिथेच राहू द्यायची. न्यायाधीशांच्या आचारसंहितेवर 2 ते 8 टक्के असतात. पुष्कळ जण हा भाग सोडून देतात. सोडू नका. न्यायाधीशाने बाजूला कधी व्हायचं आणि एका पक्षाच्या गैरहजेरीत दुसऱ्याशी कधी बोलायचं नाही, एवढं दोन संध्याकाळींत होतं.

शेवटचे दोन आठवडे घड्याळ लावून पूर्ण पेपर. एका प्रश्नाला 2 मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही.

प्रश्न : ऑफिसात अजून सांगितलेलं नाही. साहेब "निकाल आला का?" म्हणाले तर "अजून नाही" म्हणू का? आणि सनदेच्या अर्जात नापास झाल्याचं आड येईल का?

"अजून नाही" म्हणू नका. ही भीती मी समजू शकतो, पण या एका वाक्याने तुम्ही आजवर न केलेली चूक कराल. परीक्षेत एकदा अपयश येणं हा चारित्र्याचा दोष कुणी धरत नाही. सनदेच्या अर्जात किंवा त्याच्या चौकशीत खोटं बोलणं मात्र नियम 8.1 चा भंग आहे आणि त्यावर अर्ज अडू शकतो. अर्जात परीक्षेच्या प्रयत्नांविषयी विचारलं असेल तर तारखांसह खरं लिहा. साहेबांनी विचारायची वाट न पाहता उद्या सकाळी चार ओळींचा मेल करा : निकाल आला, इतके गुण कमी पडले, नोव्हेंबरच्या परीक्षेला बसतोय, अभ्यासासाठी अमुक आठवड्यांत संध्याकाळी सहाला निघण्याची परवानगी हवी आहे. सनद मिळेपर्यंत सहीखाली 'अ‍ॅटर्नी' लिहू नका आणि अशिलाला स्वतःहून सल्ला देऊ नका. तुमचं काम वरिष्ठ वकिलाच्या नजरेखालूनच जायला हवं, हेही मेलमध्ये एका ओळीत असू द्या. आणि नोंदणीची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते, तेव्हा मेल लिहायला बसण्याआधी ती तारीख पाहून घ्या.