एडास चालू करून एक्सप्रेसवेवर थोडं निवांत बसता येतं का?

तुम्ही विचारलंय: बडोदा-अहमदाबाद रोजचं येणं-जाणं, गाडी नवी एडासवाली (म्हणजे कॅमेरा-रडारने वेग, ब्रेक, लेन सांभाळायला मदत करणारी), मग स्टीअरिंगला पाण्याची बाटली अडकवून ‘हात ठेवा’ची वॉर्निंग बंद केली तर काय बिघडतं?

बाटली आधी काढा. बऱ्याच गाड्यांत हात ओळखायला वेगळं काही नसतं; स्टीअरिंगला लागणारा हलका पीळ टॉर्क सेन्सर मोजतो, बस. बाटली त्याला एकाच बाजूला ओढत राहते, लेन सांभाळणारी मोटर उलटं ओढते आणि गाडी मधोमध राहत नाही. शिवाय एअरबॅग त्याच स्टीअरिंगमधून फुटते, म्हणजे बाटली थेट तोंडावर. तुम्हाला कटकट वाटणारी ती वॉर्निंग खरं तर फार सैल आहे. युरोपच्या नियमात हात सुटल्यापासून पहिली खूण दिसायला 15 सेकंदांची सवलत आहे. ताशी 100 ने तेवढ्यात 400 मीटर मागे पडतात.

शोरूमवाले वळणावर हात सोडून दाखवतात. गाडी फसते ती सरळ रस्त्यावर. समजा आणंद मागे पडलंय, रात्र आहे, पुढची गाडी 70 ने चाललीय, तुम्ही क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखत ठरवलेला वेग धरणारी सोय) 90 ला लावलाय. पुढे टायर फुटलेला ट्रक लेनमध्येच उभा, मागे दोन दगड आणि झाडाची फांदी, लाइट नाही. पुढचा शेवटच्या क्षणी बाजूला होतो. तुमच्या क्रूझला काय दिसतं? मोकळा रस्ता. तो वेग वाढवायला लागतो! रडारला ट्रक दिसत नाही असं नाही, पण ओव्हरब्रिज, बोर्ड, रेलिंग हेही त्याला तसेच उभे दिसतात. त्या सगळ्यांवर ब्रेक मारला तर गाडी चालवणं अशक्य, म्हणून उभ्या वस्तू बऱ्याचदा गाळल्या जातात. मग भिस्त कॅमेऱ्यावर, आणि अंधारात ट्रकची मळकी पाठ त्याला उशिरा कळते. 2018 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात कल्व्हर सिटीला टेस्ला उभ्या फायर ट्रकवर आदळली ती अशीच, पुढच्या गाडीने लेन बदलल्यावर.

आता आकडे बघा. क्रूझचा ब्रेक मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, साधारण 3.5 मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे दर सेकंदाला वेग ताशी 12-13 किलोमीटरने उतरतो. 90 वरून थांबायला त्याला जवळजवळ 90 मीटर लागतात. तुम्ही कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक दाबलात तर 40. त्याआधी पाय पोचायला दीड सेकंद, म्हणजे 37 मीटर. हे नजर रस्त्यावर असेल तर. दोन सेकंद मोबाइल बघितलात की आणखी 50. ऑटो ब्रेक आहे ना, म्हणाल. आहे, पण या वेगाला तो मार कमी करेल, टाळेलच असं नाही.

निवांतपणाचं म्हणाल तर नुसतं बघत बसणं माणसाला जमत नाही. लष्करी रडारच्या पडद्यावर नजर ठेवणाऱ्यांसाठी मानसशास्त्रज्ञ मॅकवर्थने 1948 मध्ये प्रयोग छापला. अर्ध्या तासात लोकांच्या नजरेतून खुणा सुटायला लागल्या. म्हणून क्रूझ लावा, पण लेन सेंटरिंग (गाडी आपोआप लेनच्या मधोमध ठेवणारी सोय) बंद ठेवून स्टीअरिंग स्वतः धरा. हाताला काम असलं की डोळा जागा राहतो. नवरात्रात गरब्याहून उशिरा परतताना तर क्रूझसुद्धा नको.

क्रूझमध्ये पुढच्या गाडीपासूनची गॅप सर्वांत मोठी ठेवा. आमच्या घरात यावर वर्षानुवर्षं भांडण चालू आहे: “गॅप ठेवली की कोणीतरी घुसतो.” घुसू दे! क्रूझ आपोआप मागे सरकतो. अहमदाबादपर्यंत दहा जण घुसले तरी तुमचं मिनिटसुद्धा जात नाही.

पुढची काच बदलली असेल तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (त्याची नजर पुन्हा नेमकी जुळवणं) झाल्याचा रिपोर्ट मागून घ्या. वायपर जिथे पुसतो त्यात कॅमेऱ्यासमोर स्टिकर, फिल्म, डॅशकॅम काही नको. बंपरला स्टीलचा गार्ड बसवून रडार झाकणारे बरेच आहेत. पावसाळ्यात रडारवर चिखल बसतो तो कापडाने पुसा.

आणि हो, सगळ्या गाड्या सारख्या नाहीत. काहींच्या स्टीअरिंगला स्पर्श कळतो, काहींत डोळ्यांवर कॅमेरा असतो, काहींचं सॉफ्टवेअर उभी गाडी बरी ओळखते. मॅन्युअलमध्ये उभ्या वाहनांबद्दलचा इशारा शोधा आणि शोरूममध्ये ज्याने हात सोडून दाखवले त्याला तो मोठ्याने वाचायला लावा.